विदर्भाच्या उन्हात आणि धुळीत लहान टर्बो इंजिनाची पिकअप कशी टिकवावी

पिकअप घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या किंवा भाड्याचा धंदा करणाऱ्या तरुणाच्या मनात आज पहिला प्रश्न येतो तो असा की, पंधराशे सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन दीड टन माल ओढेल का, आणि ओढले तरी किती वर्षे ओढेल. ही शंका रास्त आहे. अशोक लेलँडच्या बडा दोस्तमध्ये 1478 सीसीचे इंजिन सुमारे 80 अश्वशक्ती देते, तर महिंद्राच्या बोलेरो पिकअपमधले 2523 सीसीचे इंजिन सुमारे 75 अश्वशक्ती देते. म्हणजे हजार सीसीमागे एकीकडे 54 आणि दुसरीकडे 30 अश्वशक्ती असा हिशेब होतो. दोन्ही इंजिनांना टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा दाबणारे यंत्र, आहे, पण लहान इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक बेअरिंग आणि स्वतः टर्बो अधिक भार सोसत असतो. अमेरिकेत फोर्डने 2011 च्या सुमारास एफ-150 ट्रकमध्ये मोठ्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला पर्याय म्हणून साडेतीन लिटरचे टर्बो इंजिन दिले, तेव्हा तिथल्या ट्रकवाल्यांनीही हीच शंका घेतली होती. ती इंजिने पेट्रोलची होती, त्यामुळे त्यांचे सगळे आजार आपल्या डिझेल गाड्यांना लागू होत नाहीत. मूळ प्रश्न मात्र एकच आहे.

लहान टर्बो इंजिन नाजूक असते असे माझे मत नाही. ते चुकीला माफी कमी देते, एवढे मात्र खरे. जुन्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनात ऑइल दोन-तीन हजार किलोमीटर उशिरा बदलले तरी चालून जायचे. टर्बोचा दांडा भाराखाली मिनिटाला लाखाहून अधिक फेरे फिरतो, आणि तो ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतो. हा थर काही क्षण जरी तुटला तरी धातूवर धातू घासतो. ऑइल, हवा, उष्णता आणि भार या चार गोष्टी सांभाळल्या तर हे इंजिन लांब पल्ला गाठते, आणि आपल्याकडची हवा, माती व रस्ते नेमके याच चार ठिकाणी घाव घालतात.

घेण्याआधी: भार आणि रस्ता ठरवा

गाडी कोणत्या मालासाठी हवी आहे हे आधी ठरवावे. वरूड, मोर्शी, काटोल किंवा नरखेड भागातून संत्र्याचे क्रेट भरून सपाट रस्त्याने नागपूरच्या कळमना बाजारात नेणे, किंवा तूर-सोयाबीनची पोती तालुक्याच्या बाजार समितीत पोहोचवणे, हे काम पंधराशे सीसीचे इंजिन बिनतक्रार करते. मात्र रोजचा माल मुरूम, गिट्टी किंवा सिमेंट असेल, अथवा परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे मेळघाटातले चढ नेहमी चढायचे असतील, तर थोडे जास्त पैसे मोजून मोठ्या सीसीचे इंजिन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सतत भाराखाली चालणाऱ्या इंजिनाच्या धुराचे तापमान वाढते, आणि तो तापलेला धूर टर्बोतूनच बाहेर पडतो. आरसी बुकात लिहिलेल्या वजनापेक्षा पाचशे-सातशे किलो अधिक भरण्याची सवय झाली, की पाटे वाढवून चेसिस तगते, पण टर्बोला वाढवायला पाटे नसतात.

ऑइल: सर्वांत जास्त लक्ष इथे द्या

टर्बो खराब होण्यामागे बहुतेक वेळा ऑइलचाच काही ना काही प्रश्न असतो, म्हणून या भागावर थोडे जास्त लिहितो.

ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तोच वापरावा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, येऊ लागला. अशा गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले ऑइल पिकअपमध्ये ओतण्याची पद्धत गावात सर्रास दिसते, आणि तीच डीपीएफच्या मुळावर येते, कारण काजळी जळून जाते पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठत जाते. ऑइल नेहमी पक्क्या बिलावर घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यात कोणी बनावट ऑइल भरून पुन्हा विकणार नाही.

ऑइल बदलण्याचे जे अंतर पुस्तिकेत दिलेले असते, ते साधारण वापरासाठी असते. धूळ, भार, ऊन आणि कापसाच्या जिनिंगच्या रांगेत तासन् तास चालू ठेवलेले इंजिन, यांना साधारण वापर म्हणता येत नाही. उभ्या गाडीचे इंजिन चालू असते तेव्हा मीटरवर किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र जुने होत जाते. म्हणून दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर, फार तर दोन-तृतीयांशावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत. त्यासाठी येणारा खर्च टर्बोच्या किमतीपुढे किरकोळ ठरतो.

आठवड्यातून एकदा सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहावी. पातळी खाली गेली की सगळ्यांच्या लक्षात येते, पण पातळी वर चढली तर लोक समाधानी होतात आणि आपले इंजिन ऑइल पीत नाही असे सांगतात. वास्तविक ही धोक्याची खूण आहे. डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते, आणि जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहिली की त्यातले काही डिझेल सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळून पाहावा. तो पाण्यासारखा पातळ लागला आणि त्याला डिझेलचा वास आला, तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता ऑइल बदलावे. थेंब दुधाळ दिसला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले द्रव, ऑइलमध्ये मिसळते आहे असे समजून गाडी जागेवरच थांबवावी.

हवा: काळ्या मातीची धूळ

पांदण रस्त्याने जाणाऱ्या पिकअपच्या मागे उठणारा लोट सगळ्यांनी पाहिला आहे. एअर फिल्टरमधून निसटलेला मातीचा बारीक कण आधी टर्बोच्या हवा ओढणाऱ्या चाकाची पाती खरवडतो, मग सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा झिजवतो. रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला दाब खाली इंजिनाच्या पोटात उतरतो, आणि त्या दाबामुळे टर्बोतून ऑइल परत खाली येण्याची वाट अडते. मग टर्बो दोन्ही बाजूंनी ऑइल फेकू लागते आणि मिस्त्री टर्बो गेली असे सांगतो. दोष रिंगांचा असतो आणि खर्च टर्बोवर होतो. रोग मात्र इंजिनातच राहतो.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. इंजिन बंद करून, एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडे जाणारा पाइप सैल करावा आणि त्याच्या आतल्या बाजूवरून पांढरे स्वच्छ फडके बोटाने फिरवावे. फिल्टर पार करून आलेली हवा स्वच्छ असायला हवी, त्यामुळे फडके कोरडे आणि पांढरेच निघाले पाहिजे. इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा श्वासनळीचा पाइप (ब्रीदर) ज्या ठिकाणी जोडलेला असतो त्याच्या पुढे ऑइलचा किंचित ओलावा दिसला तर चिंता नाही. पण फडक्यावर मातकट पुसट रेघ उमटली, तर फिल्टर फाटला आहे, डब्याचे रबर नीट बसलेले नाही किंवा पाइपला चीर गेली आहे. ती जागा सापडेपर्यंत गाडी भाड्याला लावू नये.

फिल्टर टायरवर आपटून झटकू नये. कंप्रेसरची हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने, आतून बाहेर मारावी, कारण बाहेरून जोरात मारलेली हवा कागदाच्या घड्या फाडते आणि ते छिद्र डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन वेळा साफ केलेला फिल्टर बदलून टाकावा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, थ्रेशरजवळ कुटार उडत असताना, गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावण्याची सवय ड्रायव्हरला लावावी.

उष्णता: मे महिना येण्याआधीची तयारी

नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. 20 अंशांच्या हवेच्या तुलनेत 45 अंशांची हवा सुमारे 8 टक्के विरळ असते, म्हणजे तेवढाच दाब साधायला टर्बोला अधिक मेहनत करावी लागते. दाबलेली हवा आणखी तापते, आणि तिला थंड करण्याचे काम पुढच्या जाळीमागचा इंटरकूलर करतो.

इंटरकूलरचा आपल्या भागातला खास शत्रू म्हणजे कापूस. जिनिंगमध्ये माल खाली करताना उडणारी रुई पुढच्या जाळीतून आत ओढली जाते, आणि इंटरकूलर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखी बसते. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, पण मागची फट पूर्ण बुजलेली असते. तिच्यावर पांदणीची धूळ आणि थोडे ऑइल बसले की तो थर पाण्याच्या साध्या फवाऱ्यानेही निघत नाही. त्यामुळे कापसाचा हंगाम आटोपला की, गुढीपाडव्याच्या सुमारास, पुढची जाळी उतरवून, इंजिन पूर्ण थंड असताना, मागच्या बाजूने पुढे असा कमी दाबाचा पाण्याचा झोत मारून ही फट मोकळी करून घ्यावी. वॉशिंग सेंटरचा जोरदार झोत जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

कूलंटच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर अजिबात घालू नये, कारण तिथल्या भूजलातले क्षार इंजिनाच्या बारीक वाटांत बसतात. तयार कूलंट घ्यावे, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळावे. एक लिटर कूलंट गाडीत कायम असू द्यावे, म्हणजे रस्त्यात पाण्याची बाटली ओतायची वेळ येणार नाही.

चालवण्याची पद्धत

सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट रेस न देता थांबावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावे. हंगाम नसल्याने गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल, तर सुरू केल्यानंतर थोडे अधिक थांबावे.

बंद करतानाचा नियम अधिक महत्त्वाचा आहे. समृद्धी महामार्गावर भरलेली गाडी तासभर वेगात पळवून ढाब्यावर आणली आणि लगेच चावी फिरवली, तर ऑइलचा पंप त्याच क्षणी थांबतो. टर्बो मात्र त्या वेळी अतिशय तापलेला असतो. बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल तिथेच करपते आणि त्याचा कडक काळा थर बसतो. अशा टर्बोचा मधला भाग उघडून पाहिला तर दांड्यावर निळसर-तपकिरी डाग आणि ऑइलच्या छिद्रात कोळशाची खपली दिसते, नखाने खरवडली तरी न निघणारी. दीड-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवले की हे टळते. गावातल्या गल्लीतून हळूहळू घरी आलेल्या गाडीला वेगळे थांबण्याची गरज नसते.

चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कोंडून चालवू नये. डिझेल वाचते या समजुतीने अनेक जण असे करतात. इंजिन गुरगुरायला लागले, काळा धूर आला आणि पाय पूर्ण दाबूनही वेग वाढत नसेल, तर त्या वेळी सिलिंडरमधला दाब व धुराची उष्णता सर्वाधिक असते आणि ऑइलचा पुरवठा त्या मानाने कमी असतो. चढ सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यावा.

बीएस-6 गाडी आठवडाभर गाव ते शेत, शेत ते गाव अशी दोन-दोन किलोमीटर फिरत असेल, तर डीपीएफ साफ होण्याइतकी तापतच नाही. काजळी जळायला सुमारे 600 अंश तापमान लागते. म्हणून आठवड्यातून एकदा तिला मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावे. डीपीएफचा दिवा लागला तर तो दुर्लक्षित ठेवू नये, कारण तुंबलेला फिल्टर टर्बोच्या तोंडावर बोळा कोंबल्याप्रमाणे धूर अडवतो. डीपीएफ काढून टाकून सॉफ्टवेअर बदलून देतो असे सांगणारे भेटतात. ते बेकायदेशीर आहे, शिवाय पीयूसी आणि वॉरंटी दोन्ही अडचणीत येतात.

दोष दिसला तर तपासाचा क्रम

गाडीची ताकद तुटली की टर्बोवर संशय घेण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासाव्यात. काळा धूर आणि नवीन फुसफुस आवाज एकत्र आले, तर बहुधा टर्बो ते इंटरकूलर किंवा इंटरकूलर ते इंजिन या मार्गावरचा रबरी पाइप फाटलेला किंवा निसटलेला असतो. जोडाजवळ ऑइलची काळी ओली रेघ शोधावी. सापडली नाही तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून कोणाला तरी रेस द्यायला सांगावे. त्यानंतर टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरकडे, म्हणजे टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे, जाणारी बारीक नळी पाहावी. शेतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या या नळ्या आणि वायरिंग उंदीर नेहमी कुरतडतात. मग डिझेल फिल्टर पाहावा. पंप दूर असल्याने कॅनमधून आणलेले डिझेल वापरत असाल तर फिल्टरमधले पाणी नियमित काढावे. हे सगळे ठीक असेल तर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचून घ्यावा, आणि मिस्त्रीने कोड पुसण्याआधी तो स्वतः लिहून ठेवावा.

यानंतरच टर्बो उघडावा. इंजिन थंड असताना हवेचा पाइप काढून, चाकाच्या मधला नट दोन बोटांत धरून हलवावा. आडवा किंचित हलतो, ते नैसर्गिक आहे, कारण ती ऑइलच्या थराची जागा असते. आत-बाहेर मात्र तो जाणवेल इतका हलता कामा नये. चाक फिरवताना पाती कडेला घासत असतील किंवा त्यांच्या टोकांना खवले पडलेले दिसत असतील, तर तो टर्बो बदलावाच लागतो.

निळा धूर अचानक वाढला आणि इंजिन रेस न देता आपोआप पळू लागले, तर टर्बोचे सील तुटून इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत आहे असे समजावे. अशा वेळी चावी बंद करूनही इंजिन थांबेलच असे नाही. गाडी चालत असेल तर ती रस्त्याच्या कडेला घ्यावी, वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक घट्ट दाबावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. ते जमले नाही तर गाडीपासून दूर व्हावे. हवेच्या पाइपच्या तोंडावर हात कधीही ठेवू नये.

टर्बो बदलताना

मोर्शी तालुक्यातल्या एका संत्रा वाहतूकदाराच्या गाडीत नवा बसवलेला टर्बो काही महिन्यांतच गेला. कंपनीचा माल खराब निघाला असे सर्वांनी ठरवून टाकले होते. ऑइल आणणारी बारीक नळी काढली तेव्हा तिच्या तोंडाशी सिलिकॉनचा वाळलेला लाल गोळा अडकलेला सापडला. आधीच्या वेळी गास्केटऐवजी सिलिकॉन लावून जोड बंद केला होता आणि त्यातला जादा भाग आत ढकलला गेला होता.

म्हणून नवा टर्बो बसवण्याआधी जुना का गेला हे मिस्त्रीकडून दाखवून घ्यावे. ऑइल आणणारी नळी शक्यतो नवीच घ्यावी, आणि ऑइल परत नेणारी नळी मोकळी व सरळ उताराची आहे ना हे पाहावे. ऑइलच्या जोडांना कंपनीचे गास्केट लावावे. इंटरकूलर उतरवून त्यातले साठलेले ऑइल आणि धातूचे तुकडे पूर्ण धुऊन काढावेत, कारण त्यात राहिलेला एक तुकडाही पुढे सिलिंडरमध्ये जाऊ शकतो. ऑइल व फिल्टर नवे घालावेत. टर्बोच्या ऑइलच्या छिद्रात स्वच्छ ऑइल ओतून दांडा हाताने काही वेळा फिरवावा, आणि डिझेलचा पुरवठा थांबवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारावा. मग इंजिन सुरू करून काही मिनिटे रेस न देता चालू ठेवावे. नवा घेण्याऐवजी दुरुस्त केलेला टर्बो घेत असाल, तर त्याचा दांडा आणि चाके यंत्रावर बॅलन्स केल्याचा कागद मागावा. कागद न देणाऱ्याकडून तो घेऊ नये. पहिल्या आठवड्यात भार निम्माच ठेवावा, रोज सांध्यांखाली ऑइलचा थेंब दिसतो का ते पाहावे, आणि त्यानंतर सगळ्या क्लिपा एकदा पुन्हा आवळून घ्याव्यात.